साठाच्या पुढचे पाढे

शहादे, ता. १२ जानेवारी १९३७

रा. रा. प्रेमचंद यांस,

सप्रेम नमस्कार लिहिणार होतो. अकरा वर्षांत प्रेम कुठं सांडलं ते सापडलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं मासिक इथल्या वाचनालयात येतं. मिरचीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, माझ्या हाताखाली तीन वर्षं दुय्यम मास्तर, आणि आता पुण्यात बसून लोकांना आकड्यांची कोडी घालतो! धंदा बरा आहे. खडू लागत नाही, पोरं हाकावी लागत नाहीत, शाळा तपासायला डिप्टी येत नाही. कोडी मात्र बेतास बात असतात. दिवाळी अंकात एक त्यातल्या त्यात बरं होतं, म्हणून ही शाई खर्च करतो आहे.

तुम्ही विचारलं होतं: एक आकडा घ्या, त्याच्या उजव्या अंगाला त्याच्या पाठचा, म्हणजे एकानं मोठा, आकडा चिकटवा, आणि होणारा लांब आकडा पूर्ण वर्ग निघेल असे आकडे सांगा. एक अंकी आणि दोन अंकी असे नाहीत हे तुम्हीच छापलं. तीन अंकी चार आहेत: १८३, ३२८, ५२८ आणि ७१५. १८३ ला १८४ चिकटवा, १८३१८४ होतात, तो ४२८ चा वर्ग. बाकीचे तीन तुम्ही ताडून पाहा, तुम्हाला त्याचाच पगार मिळतो.

आता खरी गोष्ट. चार अंकी असा एकही आकडा नाही. का नाही ते सांगतो, सावकाश वाचा. लांब आकड्यातून एक काढला की त्याचे दोन्ही अर्धे सारखे होतात, १८३१८३. तीन अंकी आकडा स्वतःच्याच शेजारी बसवणं म्हणजे त्याला १००१ नं गुणणं. आणि कोणत्याही आकड्याच्या वर्गातून एक काढला की उरतो तो त्याच्या मागच्या आणि पुढच्या आकड्यांचा गुणाकार, इथं ४२७ गुणिले ४२९. म्हणजे १००१ चे तुकडे या दोघांत वाटले गेले पाहिजेत. १००१ फुटतो: सात, अकरा, तेरा. सात गेला ४२७ मध्ये, अकरा आणि तेरा ४२९ मध्ये. चार अंकी आकड्यांना १००१ च्या जागी १०००१ येतो, आणि १०००१ फुटत नाही. न फुटणारा पाच अंकी आकडा चार अंकी आकड्याच्या पोटात मावणार कसा? मावत नाही. संपलं.

हा नियम माझ्या नावानं छापावा. 'चुडामण पाटलांचा नियम' एवढं पुरे, पदव्या माझ्याकडे नाहीत. पुरावा म्हणून ३१७ पासून ९९९ पर्यंतच्या सगळ्या वर्गांचे कागद सोबत पाठवतो आहे. मी काढलेले आहेत. पाठकोऱ्या उत्तरपत्रिकांवर आहेत, त्याला नाकं मुरडू नयेत.

आणि एक. विसरवाडीला तुमची बदली मी करवली, असं तुम्ही नंदुरबारात सांगत होता असं कानावर आलं. मी करवलेली नाही. बदल्या सरकार करतं.

चुडामण पाटील
निवृत्त हेडमास्तर

शहादे, ता. ६ फेब्रुवारी १९३७

रा. रा. संपादकसाहेब,

चार पानी पत्राला तुम्ही एक कार्ड पाठवलंत. तेही उघडं, म्हणजे पोस्टमनापासून वाण्यापर्यंत सगळ्यांनी वाचावं. त्यावर दोन प्रश्न. पहिला: 'चार अंकी आकडे प्रत्यक्ष पाहिलेत का?' दुसरा: 'कागदांवरचं अक्षर कोणाचं?'

पहिल्याचं उत्तर असं, की जे नाही ते बघायला जाण्याची मला सवय नाही. विहिरीत हत्ती नाही हे सांगायला विहिरीत उतरावं लागत नाही.

१०००१ फुटत नाही हे मी कसं ठरवलं, असंही तुम्ही कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलं आहे. तुम्हाला ठाऊक आहे कसं. पाढे लावून. आपल्याकडे पाढे तीसापर्यंत पाठ करतात आणि तीसात ज्याला पाढा लागत नाही त्याला लागतच नाही, हे मी बत्तीस वर्षं शिकवलं. तुम्हीही माझ्या शाळेत तेच शिकवत होता, डिप्टी येईपर्यंत.

तो दिवस काढायचाच असेल तर काढू या. फळ्यावर मी ११४७ लिहिले होते आणि मुलांना सांगितलं होतं की हा फुटत नाही. डिप्टीसाहेब मान डोलवत होते. तुम्ही भिंतीला टेकून उभे होता, कोणी तुम्हाला विचारलं नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला: 'एकतीस सदतीस, साहेब.' मुलं हसली. डिप्टी हसले. माझ्या हातातला खडू माझ्या हातातच राहिला.

तुम्हाला वाटत असेल म्हातारा काही शिकला नाही. शिकला. त्या महिन्यात मी एकतीसपासून साठापर्यंतचे पाढे रचले आणि पाठ केले, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, रोज नदीवर जाता येता. १०००१ ला मी साठाही पाढे लावले आहेत. एकही लागत नाही. अशी मेहनत तुमच्या बी.ए.च्या वर्गात कुणी केली असेल तर कळवावं.

अक्षराचं म्हणाल, तर मी सांगितलं आणि घरातून लिहून घेतलं. डोळे अलीकडे दुखतात. त्यात छापण्यासारखं काही नाही.

चु. पाटील

शहादे, ता. २२ मार्च १९३७

प्रेमचंदशेठ,

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. माझ्या नियमावर 'साठाच्या पुढे पाहिलंत का?' एवढंच. पुढं, 'ज्यांच्या हातचे कागद आहेत त्यांनी चार अंकी काही शोधलं, तर त्यांच्या नावानं छापीन.'

तुमची ही कार्डं माझ्या घरात काय करतात ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. आमच्या घरातल्या माणसाला शाळा माहीत नाही. लग्न झालं तेव्हा अंकांची ओळखसुद्धा नव्हती. आमचं घर शाळेला लागून, त्यामुळं पोरांचे पाढे ऐकून ऐकून कानात भरले, आणि अंक अन् थोडी अक्षरं तिनं माझ्या जुन्या पाट्यांवरून गिरवली. मी कधी मनाई केली नाही. शिकवायला बसलो असंही नाही.

तुमचं ते कोडं मी दिवाळीत मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी ही बाई बिबडे घालत होती. पुण्याचं पाणी पिऊन बिबडे विसरला असाल, म्हणून सांगतो: ज्वारीच्या कण्यांच्या त्या चकत्या, खाटेवर उन्हात ओळीनं वाळत घालतात त्या. पाच ओळी, प्रत्येकीत पाच. मला म्हणाली, सहाचा चौकोन करायला इकडून पाच, तिकडून पाच आणि कोपऱ्यात एक, असे अकराच नवे लागतात. पुढच्याला तेरा. त्याच्या पुढच्याला पंधरा. म्हणजे गुणायचं कशाला, मिळवत जायचं! गुणाकार येत नाही, म्हणून बिबडे. ३१७ पासून ९९९ पर्यंत तिनं असं मिळवत मिळवत नेलं आणि प्रत्येक वर्ग मधोमध तोडून दोन्ही तुकडे पाहिले. चार ठिकाणी पाठचा आकडा शेजारी आला.

तर हो. ते चार आकडे तिचे आहेत. नियम माझा आहे. आकडे हमालही वाहतात.

मी तिला नियम समजावून सांगितला, १०००१ फुटत नाही इथपर्यंत. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नही शे त नही शे. पन तुम्ही देखं का?" तुमचं कार्डसुद्धा तेच विचारतं. तुमच्यात पत्रव्यवहार आहे की काय?

आणि दुसरं कार्ड वाचून दाखवल्यावर विचारलं काय, तर, "बायास्नं नाव बी छापतस का?" मी म्हटलं, छापतात, मेल्यावर. ती हसली नाही. फेब्रुवारीपासून तिचं ३१६३ पासून पुढं सुरू आहे, रोज दुपारी भांडी आटोपली की वीस वर्ग. ९९९९ पर्यंत जायचं आहे. माझ्या शाळेची बत्तीस वर्षांची रद्दी तिला पुरेल. जाऊ दे. रिकामपणी बायका याहून वाईट उद्योग करतात.

चु. पा.

शहादे, ता. १८ जुलै १९३७

प्रेमचंद,

अंकामागून अंक आले, माझा नियम नाही. तुम्ही वाट पाहता आहात हे मला समजतं. कोणाची, हेही समजतं.

मेच्या उन्हाळ्यात एक गंमत झाली ती सांगतो, म्हणजे बिबड्यांच्या गणिताची किंमत कळेल. या रीतीत एक बेरीज चुकली की पुढचे सगळे वर्ग चुकत जातात. मी तिला ते पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, की हे मेंढरांचं गणित आहे, पहिलं पडलं की सगळी पडणार. एके दुपारी पाहतो तर ती आधीच्या दिवसाचे कागद खोडत बसलेली. मी खूश झालो. म्हटलं, चुकलं ना? म्हणाली, सात. सातच वर्ग चुकले होते. कारण दर दहाव्या वर्गाच्या शेवटी दोन शून्यं आली पाहिजेत, हे तिनं आपलं आपण पाहून ठेवलं होतं. तिथं शून्यं आली नाहीत की मागं जाऊन शोधायचं. हे तिला कोणी सांगितलं? मी नाही सांगितलं. मला सुचलं नसतं असं नाही, पण मी सांगितलं नाही.

सध्या ती ६४०० च्या पुढं आहे. शेजारची रंजनाबाई विचारते, मास्तरीणबाई, कसला हिशेब चालू आहे? ही सांगते, "आकडा धुंडी ऱ्हायनू." रंजनाबाईनं गावभर केलं की पाटील मास्तरांच्या घरात वेड शिरलं आहे. मला मारुतीच्या पारावर दोघांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या नियमाची पडताळणी माझ्या देखरेखीखाली सुरू आहे. आता तेवढं बोलावं लागतं.

परवा तिनं पुन्हा विचारलं, सापडला तर नाव कसं छापतील, नुसतं तापीबाई की तुमचं लावून? इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे दागिना मागितला नाही, तीर्थाला ने म्हणाली नाही. हे मागते. आणि मागते तेही माझ्याकडून नाही, तुझ्याकडून. एका कार्डावर विसंबून!

विसरवाडीचं आता लिहूनच टाकतो, मनात ठेवून उपयोग नाही. अर्ज मी केला होता. डिप्टींना लिहिलं होतं की हा मास्तर शिस्तीला जड आहे, याला डोंगराची हवा मानवेल. तुला हिवताप झाला आणि सहा महिन्यांत तू नोकरी सोडलीस, ते माझ्या अर्जात नव्हतं. तुला सदतीस तोंडात धरून ठेवता आले असते तर आज तू इथं हेडमास्तर असतास.

चुडामण

शहादे, ता. २ ऑक्टोबर १९३७

रा. रा. संपादक यांस,

चार अंकी वर्ग सगळे पाहून झाले. ९९९९ पर्यंत. एकही आकडा सापडला नाही. कागदांचं बाड मोठं असल्यामुळं पाठवत नाही.

आता विलंबाला कारण उरलेलं नाही. दिवाळी अंकात नियम छापावा. नाव माझं एकट्याचंच घालावं, घरातून तशी इच्छा आहे.

चुडामण दगा पाटील

शहादे, ता. १९ नोव्हेंबर १९३७

प्रेमचंद,

हे पत्र बसल्या जागी वाच आणि वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण. मी आधीच सगळं म्हणून घेतलं आहे.

२५ सप्टेंबरला दुपारी मी जेवायला बसलो होतो. तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "सापडना. अठ्ठ्याहत्तरशे दहा." पुणेरी कानानं उलटं ऐकू नकोस, सापडला म्हणत होती. मी घास घेतला. मला वाटलं किरकोळ काहीतरी सापडलं असेल, मांजराचं पिलू, हरवलेली सुई. ती तव्याकडे वळून म्हणाली, साठशे नव्व्याण्णव आणि एकसष्टशे.

हात न धुता मी पाटी घेतली. ७८१० गुणिले ७८१०. ६०९९६१००. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा उलटीकडून केलं. ६०९९ आणि त्याच्या पाठचा ६१००, खांद्याला खांदा लावून बसलेले. मग मी ७८०९ आणि ७८११ घेतले आणि तू मला जे मार्चपासून विचारत होतास ते केलं, साठाच्या पुढे गेलो. फार नाही जावं लागलं. त्र्याहत्तर. १०००१ म्हणजे त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. आणखी तेरा पाढे म्हटले असते तर मला ते फेब्रुवारीत दिसलं असतं.

तुला माहीत होतं. तुझं ते साठाच्या पुढचं कार्ड मी आज काढून पुन्हा वाचलं. तू मला वाट दाखवत होतास आणि मी तुला हत्ती आणि विहीर सांगत होतो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

आता पुढचं. ती दुपारी मंगळीबाईकडे जात्यावर गेली, तेव्हा मी तिचे कागद उचलले. साडेचार हजारांवर वर्ग. ते चुलीत घातले. एकदम घातले तर धूर होतो, म्हणून थोडे थोडे. पाठीमागच्या बाजूला माझ्या लाल शाईचे गुण होते, तेही जळाले. मला वाटलं, पुरावा गेला की आकडा गेला. बत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस हे समजला! आकडा नाही असं म्हणायला सगळेच्या सगळे वर्ग लागतात. आहे म्हणायला एक पुरतो, आणि तो तिच्या डोक्यात होता.

ती आली, चुलीत पाहिलं, राख कोपऱ्यात ओढून ठेवली. मी म्हटलं, मी पुण्याला कळवतो. ती म्हणाली, बरं. मी जे कळवलं ते तुझ्याकडे आहे. ऑक्टोबरभर ती पोस्टमन आला की दारात येऊन उभी राहायची आणि मी म्हणायचो, अजून काही आलं नाही.

मग तुझा दिवाळी अंक आला. 'श्री. चुडामण पाटील म्हणतात की, असा चार अंकी आकडा नाही. वाचकांनी पडताळून पाहावे.' ते 'म्हणतात की' मला त्या दिवशी दिसलंच नाही. गावालाही दिसलं नाही. समाजाच्या मंडळींनी चौदा तारखेला शाळेत सत्कार ठेवला. शाल, नारळ. माझे जुने विद्यार्थी, दलसिंग तर धडगावहून पायी आलेला. सुवासिनींनी ओवाळायचं ठरलं आणि पहिला मान अर्थातच घरच्या लक्ष्मीला. ताट घेऊन ती समोर आली. शाळेत ती पहिल्यांदाच आली होती, प्रेमचंद. शाळेला लागून घर, आणि पहिल्यांदाच. मला वाटलं आता ही बोलेल. नुसता आकडा म्हटला असता तरी मी तिथल्या तिथं बसलो असतो. ती ज्योत विझू नये म्हणून ज्योतीकडे पाहत होती. ओवाळून झाल्यावर रीतीप्रमाणे वाकून पाया पडली. मी 'अखंड सौभाग्यवती' म्हटलं आणि शाल सावरली.

तिथं पाऊणशे माणसं होती, त्यांच्यापैकी एकाला तरी ७८१० चा वर्ग करता आला असता, आणि मी मूग गिळून बसलो. तुझ्या अकरा वर्षांपूर्वीच्या उद्धटपणाला मी आजवर शिव्या घातल्या. त्याच शाळेत, त्याच फळ्यासमोर तेवढा उद्धटपणा मला करता आला नाही.

म्हणून आता हे छाप, माझ्या शब्दांत, काही मऊ करू नकोस:

'चार अंकी आकडा आहे. ६०९९. तो सौ. तापीबाई चुडामण पाटील, शहादे, यांनी २५ सप्टेंबर १९३७ रोजी शोधला. तीन अंकी चारही त्यांचेच. दिवाळी अंकातला नियम चुकीचा असून तो त्यांच्या नवऱ्याचा आहे. हा आकडा त्याला आधीपासून माहीत होता.'

घाईनं छाप. वाचकांनी पडताळून पाहावे असं तू लिहिलं आहेस. दुसरा कोणी पाहण्याआधी तिचं नाव गेलं पाहिजे.

चुडामण

शहादे, ता. १२ डिसेंबर १९३७

प्रिय प्रेमचंद,

कार्ड मिळालं. या वेळी मी ते स्वतः न वाचता तिच्या हातात दिलं आणि ती अक्षर लावत लावत वाचेपर्यंत उभा राहिलो.

तीन वाचकांनी ६०९९ कळवला आणि पहिला भुसावळच्या रेल्वे कचेरीतला कारकून, त्याचं पत्र ९ नोव्हेंबरला पोचलं. माझं बावीसला. तेव्हा जानेवारीत पहिलं नाव त्याचं येणार, तिचं चौथं, आणि माझं म्हणणं खाली टीप म्हणून. तू लिहितोस की ऑक्टोबरात एक ओळ जरी आली असती तरी पहिलं नाव तिचंच असतं. हे तू लिहायला नको होतंस असं म्हणणार होतो. नको कसं? तू लिहिलंस ते बरोबर केलंस. तारखा मोजता येतात मला.

तिनं दोनदा वाचलं. "चवथं," एवढंच म्हणाली आणि कार्ड भिंतीतल्या देवळीत ठेवलं. मी तिथं बसून तिला सगळं सांगितलं: २ ऑक्टोबरचं पत्र, त्यात मी लिहिलेलं खोटं, घरातून तशी इच्छा आहे असं घातलेलं वाक्यही. तिला चुलीचं ठाऊक होतं, पत्राचं नव्हतं. दोन महिने ती समजत होती की पुणेवाल्यांना बाईचं नाव छापायचं नाही म्हणून उत्तर येत नाही. तुला दोष देत होती, मला नाही. हे ऐकताना तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यानंतर मला माझ्या घरात कुठं बसावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर ती नवे कागद जुळवत होती. पाच अंकी. ३१६२३ पासून पुढं. हे चार अंकीच्या दहापट आहे, प्रेमचंद, रोज वीस धरले तर नऊ वर्षांवर जातं, आणि तिची पन्नाशी जवळ आली आहे.

दोन दिवस मी तिच्या बेरजा पाहिल्या. मग बसून १००००१ फोडला. अकरा आणि ९०९१. ९०९१ आणखी फुटत नाही, पंचाण्णवपर्यंत प्रत्येक पाढा लावून पाहिलं, एकही गाळला नाही. पुढं सोपं आहे, ९०९१ च्या पाढ्यातले सात आकडे तेवढे तपासायचे. अर्ध्या तासात दोन मिळाले, १३२२४ आणि ४०४९५. दोनच आहेत, आणि या वेळी मी उलटसुलट चार वेळा गुणून पाहिलं आहे. आयुष्यात एवढं चोख गणित मी केलेलं नाही.

कागद घेऊन तिच्याजवळ गेलो. म्हटलं, तुझी नऊ वर्षं वाचतात. दोन्ही आकडे आहेत, तुझ्या नावानं आजच पाठवतो, या वेळी पहिलं नाव तुझंच. माझा उल्लेखसुद्धा नको.

तिनं हातातली बेरीज पुरी केली, खाली रेघ मारली, आणि मग वर न पाहता म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या. तुम्ही जे सांगशात, ते माले परत मोजनंच पडी."

चुडामण